पाणी सोडणारा पंप

अलिबाग, नागाव, कर्जत, लोणावळा या बाजूंना ज्यांनी अलीकडे बंगले बांधले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी अंगणात पोहण्याचा लहानसा तलावही करून घेतला. आणि त्या तलावाचे पाणी गाळून पुन्हा तलावात सोडणारा पंप कोठे बसवावा हा प्रश्न आला, तेव्हा पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचून मोटार जळू नये या रास्त धोरणाने तो पुष्कळ ठिकाणी काठावरच, पाण्याच्या पातळीहून हात-दोन हात उंच ओट्यावर, चार विटांच्या खोपटात बसविला गेला. या उंचीने मोटार वाचली खरी, परंतु मालकाच्या मागे एक कायमची कटकट लागली. सायंकाळी पंप बंद करावा तेव्हा त्याच्या तोंडाशी असलेले गाळणीचे भांडे पारदर्शक झाकणापर्यंत काठोकाठ भरलेले असते. सकाळी पाहावे तो ते अर्धे रिकामे, आणि मोटार सुरू केली की पाण्याऐवजी नुसता घरघराट. बागेची निगा राखणारा माळी मालकाला फोनवर कळवितो, "साहेब, पंपानं पुन्हा पाणी सोडलं", आणि मालक उलट विचारतो, "मग गळतंय कुठे ते बघ ना!"

मालकाचे म्हणणे स्वाभाविक असले तरी तपास त्यामुळे भलत्याच दिशेला लागतो. प्लंबर येतो, ओट्याखालची फरशी चाचपून पाहतो, ती कोरडी ठणठणीत असते. मग तो मोटारीला, नंतर विजेला, त्यानंतर पंप विकणाऱ्या दुकानदाराला बोल लावतो, आणि अखेरीस भांड्यात बादलीभर पाणी ओतून, पंप चालू करून दाखवून, आपली मजुरी घेऊन निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वस्तुतः फरशी कोरडी असते याचे कारण पाणी बाहेर पडलेलेच नसते. ज्या नळाने ते वर आले त्याच नळाने ते रातोरात तलावात परत उतरलेले असते. आता, उंचावर चढलेले पाणी बंद नळातून खाली उतरायचे, तर त्याची जागा घ्यावयास दुसरे काहीतरी आत यावे लागते, आणि तेथे येण्याजोगा पदार्थ एकच, तो म्हणजे हवा. तेव्हा पाणी कोठून गेले हे न विचारता हवा कोठून आली हे विचारावे, म्हणजे निम्मे काम उरकते. उरलेले निम्मे कठीण आहे, कारण पाण्याची गळती डोळ्यांना दिसते आणि हवेची दिसत नाही.

पंप पाणी वर खेचून घेतो ही समजूत इतकी जुनी आणि इतकी सोयीची आहे की ती सोडावयास युरोपातील विद्वानांनाही सतराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एका पंपाची हकिकत दिली आहे. विहिरीतील पाणी सुमारे अठरा हातांपेक्षा खोल गेले की तो पंप काही केल्या पाणी देत नसे. पाण्याचा स्तंभ स्वतःच्याच भाराने तुटतो, असा त्याने त्याचा उलगडा केला, आणि तो चुकला. त्याचा सहकारी तोरिचेल्ली याने थोड्याच वर्षांनी पाऱ्याची नळी पालथी घालून दाखविले की स्तंभाला वर तोलून धरणारी शक्ती आत नसून बाहेर आहे. आपल्या डोक्यावरील हवेचा भार विहिरीच्या पृष्ठभागाला खाली दाबतो आणि पाणी नळीत वर चढते. पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने 1648 मध्ये तीच नळी प्वी द दोम या डोंगरावर नेली, तेव्हा उंचीबरोबर पारा उतरत गेला आणि शंकेला जागा राहिली नाही. समुद्रसपाटीवर हवेचा हा भार सुमारे 10.3 मीटर उंचीचे पाणी तोलतो. लोणावळ्यास तो साडेनऊ मीटरांच्या आसपास भरतो, आणि महाबळेश्वरास जेमतेम पावणेनऊ. अलिबागेत बिनतक्रार चालणारी जोडणी घाटमाथ्यावर थोडी कुरकुरू लागली, तर त्यात नवल नाही. तथापि हात-दोन हातांच्या चढाला एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, आणि आपल्या तलावाच्या बाबतीत उंचीवर खापर फोडून सुटका करून घेता येणार नाही.

बंद पंपात रात्रभर पाणी उभे राहते तेही याच भारामुळे. शहाळ्यातील नळीच्या वरच्या टोकावर बोट दाबून ती बाहेर काढावी तर आतले पाणी पडत नाही, आणि बोट किंचित ढिले केले की सगळे खाली येते. पंपाचे झाकण म्हणजे ते बोट. हे बोट केसभर जरी ढिले असले, तरी रात्रीचे आठ-दहा तास हवेला पुरेसे होतात.

पण थोडी हवा शिरली म्हणून एवढा बलवान पंप हतबल का व्हावा? या पंपात पात्यांचे एक चक्र गरगर फिरते, मध्यातून आत आलेल्या पाण्याला परिघाकडे भिरकावते, आणि त्यामुळे मध्यावर जी उणीव पडते ती भरून काढण्यास बाहेरचा भार मागचे पाणी आत ढकलतो. ही भिरकावणी किती दाब निर्माण करील, हे भिरकावलेल्या पदार्थाच्या घनतेवर अवलंबून आहे. हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी. सबब जो पंप पाण्याला बारा मीटर उंच चढवू शकतो तोच पंप नुसत्या हवेने भरला असता मागचे पाणी फार तर दीड सेंटिमीटर वर आणू शकेल. मोटार तीच, वेग तोच, विजेचे बिल चालूच, आणि फळ दीड सेंटिमीटर!

शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. किर्लोस्करवाडीचे आणि इतर ठिकाणचे पंप महाराष्ट्रातल्या विहिरींवर बसले तेव्हापासून, पंप सुरू करण्यापूर्वी तो तोंडापर्यंत पाण्याने भरून घ्यावा लागतो आणि विहिरीत सोडलेल्या नळाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर ओतलेले पाणी खालच्या खाली निघून जाते, हे ज्ञान बांधाबांधावर पसरले आहे. त्यावरचा देशी तोडगाही प्रसिद्ध आहे: नितळ पाण्याऐवजी शेणकाला ओतायचा, त्यातील बारीक तंतू झडपेच्या फटीत बसतात आणि पंप पाणी धरेपर्यंत तरी निभावून जाते. पोहण्याच्या तलावाला हा उपाय कोणी सुचविणार नाही, परंतु रोगाचे निदान त्यात अगदी बिनचूक आहे.

तलावाच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह नसतो. त्याऐवजी तोंडाशी ते गाळणीचे भांडे असते, आणि भांड्यात उरलेले पाणी हवेबरोबर घुसळून, हवा पुढे ढकलून पाणी मागे ठेवण्याची हिकमत पंपाच्या पोटात केलेली असते. म्हणून अर्धे भांडे रिकामे झाले तरी चांगल्या स्थितीतला पंप काही मिनिटांत नळातील हवा काढून टाकतो आणि पाणी धरतो. मात्र त्या अवधीत नवी हवा तितक्याच वेगाने आत येत असेल, तर तो जन्मभर घुसळत बसला तरी पाणी वर येणार नाही. पाच-सात मिनिटांत पाणी धरले नाही तर मोटार बंद करावी, यात हयगय करू नये. भांड्यातले तेवढे पाणी तापत जाते, आणि ती ऊब पुढे ज्या दोन जागी नुकसान करते त्यांचा उल्लेख खाली येईलच.

हवेचा शोध घेताना प्रथम एका गोष्टीची नोंद करावी: पंप चालू असताना तलावात परत येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे येतात की नाही? येत असतील, तर हवा पंपाच्या अलीकडे, म्हणजे तलावापासून पंपापर्यंतच्या चोषण-नळावर शिरत आहे, कारण चालू पंपात वातावरणाहून कमी दाब फक्त तेवढ्याच भागात असतो. बुडबुडे येत नाहीत, पंप दिवसभर सुरळीत चालतो, आणि तरी रात्री पाणी उतरते, असे असेल तर दोषी जागा बहुधा पंपाच्या पलीकडे आहे. हा मुद्दा चांगल्या मिस्त्र्यांच्याही ध्यानात येत नाही. चालू पंपाच्या पुढील बाजूस दाब असतो, त्यामुळे तिकडची फट पाणी बाहेर टाकते, आणि ती थेंबभर असली तर उन्हात सुकून जाते. परंतु पंप थांबला की तलावाच्या पातळीहून उंच असलेली सगळी यंत्रणा, पंप, पाणी गाळणारी वाळूची टाकी, तिच्या डोक्यावरची झडप, हवेच्या भाराने तोललेल्या अवस्थेत येते, आणि दिवसा पाणी टाकणारी तीच फट रात्री हवा घेऊ लागते. वाळूच्या टाकीवरील हवा सोडण्याची चावी पूर्ण मिटलेली नसणे हे याचे अगदी साधे उदाहरण.

बुडबुडे दिसले, तर पहिला संशय झाकणावर घ्यावा आणि तो दहापैकी निम्म्या वेळा तरी खरा ठरावा. गाळणीतला पालापाचोळा काढण्यासाठी हे झाकण वरचेवर उघडले जाते, आणि प्रत्येक वेळी त्याखालचे रबरी कडे, ज्याला बाजारात ओ-रिंग म्हणतात, काहीतरी सोसते. कडे बाहेर काढून उजेडात धरावे, बोटांत ताणून पाहावे. रबर जेथे म्हातारे झाले असेल तेथे बारीक भेगा उघडतात, एरवी त्या दिसत नाहीत. कड्याला चिकटलेला वाळूचा एक कण किंवा सुरूच्या पानाचा एक तुकडाही हवेला वाट द्यावयास पुरतो. म्हणून ज्या खाचेत ते बसते ती खाच ओल्या फडक्याने सर्व बाजूंनी पुसावी, झाकणाची कड नखाने तपासावी, आणि कड्याला सिलिकोनचे वंगण अगदी पातळ लावून ते परत बसवावे. घरात असलेले व्हॅसलीन किंवा गॅरेजातले ग्रीस लावण्याचा मोह टाळावा. खनिज तेलाने काही जातींचे रबर फुगते आणि सैल पडते. झाकण हातानेच आवळावे. पान्याने आवळणाऱ्या इसमाने झाकणाला तडा देऊन मालकाला नव्या खर्चात घातल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

त्यानंतर भांड्याच्या बुडाशी आणि पंपाच्या पोटाशी असलेली पाणी काढण्याची बुचे. ती फिरवून पाहावी आणि आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी नव्याने गुंडाळावी. जुने मिस्त्री अजूनही सूत आणि सफेदा यांवरच भिस्त ठेवतात, आणि लोखंडी नळाला ते ठीकही आहे. प्लास्टिकच्या आट्यांत सुताचा जाड थर कोंबला की भांड्याची मान तडकते. मग नळ जेथे भांड्यात आट्यांनी शिरतो तो सांधा. पंप कोरडा चालून भांडे तापले तर हा पीव्हीसीचा तुकडा किंचित आक्रसतो, आणि ज्या आट्या काल घट्ट होत्या त्या आज हवा घेऊ लागतात. येथे पट्टीवर पट्टी गुंडाळून भागत नाही. तुकडा बदलावा लागतो. कोरडे चालण्याने होणारे दुसरे नुकसान मोटार आणि पंप यांच्यामधल्या सीलचे. कार्बन आणि सिरॅमिक यांच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांच्यामधला पाण्याचा पातळ पापुद्रा हेच त्यांचे वंगण; तो नाहीसा झाला की त्या काही मिनिटांत तापून खराब होतात. विहिरीवरच्या जुन्या पंपांत या जागी ग्लँडची दोरी असे आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पडणे हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण मानले जाई. नव्या सीलच्या बाबतीत ते उलट आहे. मोटारीखाली ओल दिसली तर सील गेले असे खुशाल समजावे, आणि ती ओल मोटारीच्या बेअरिंगात पोहोचून तिचा आवाज बदलण्यापूर्वी सील बदलून घ्यावे.

एवढ्या सांध्यांपैकी नेमका कोणता, हे ठरविण्याच्या दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही फुकटच्या आहेत. एक अशी, की पंप चालू ठेवून संशयित सांध्यावर तांब्याने पाण्याची धार धरावी किंवा दाढीचा फेस थापावा, आणि नजर झाकणाखालच्या पाण्यावर ठेवावी. हवेऐवजी पाणी आत जाऊ लागल्याने भांड्यातला बुडबुड्यांचा खळखळाट क्षणभर थांबतो, अगर फेसावर बारीकशी खळगी पडून तो आत ओढला जातो. दुसरी युक्ती पंप बंद करण्याच्या क्षणाची आहे. टाकीत कोंडलेली थोडी हवा चालू पंपाच्या दाबाने आवळलेली असते. मोटार थांबताच ती पसरते आणि पाण्याला निमिषमात्र मागे रेटते, आणि ज्या फटीतून दिवसभर हवा आत शिरत होती तिच्यातूनच त्या क्षणी पाण्याची एक चिळकांडी बाहेर उडते. बटण माळ्याच्या हाती द्यावे आणि आपण भांड्याजवळ उकिडवे बसून टॉर्च मारावा. "आता बंद कर रे" म्हटल्याबरोबर कधी झाकणाच्या कडेला, कधी झडपेच्या दांड्यापाशी मोत्यासारखे थेंब उभे राहतात. ही पाहणी एकट्याने होत नाही.

पुष्कळजण या सगळ्या खटाटोपाऐवजी पंपाच्या तोंडाशी पाणी मागे जाऊ न देणारी झडप बसवून मोकळे होतात. झडप चांगली आहे, आणि पंप उंचावर असेल तर ती असावीही. पण हवेची फट तशीच ठेवून ती बसविणे म्हणजे तक्रार दप्तरी दाखल करून घेऊन कपाट बंद करण्यासारखे आहे. भांडे सकाळी भरलेले दिसते, दिवसा बुडबुडे येतच राहतात, आणि एक दिवस झडपेच्या पाळीत बदामाच्या पानाचा देठ अडकला की सर्व मामला पूर्वपदावर येतो.

कधी कधी हवा फटीतून नव्हे तर राजरोस दरवाजातून येते. तलावाच्या काठाला जे स्किमर असते, ज्यातून वरवरचा कचरा ओढला जातो, त्याच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत तरी पाणी हवे. चार पाहुण्यांची मुले दिवसभर डुंबून गेली की पातळी तीन-चार बोटे उतरते, स्किमरमध्ये भोवरा पडतो, आणि पंप घोटाघोटाने हवा गिळू लागतो. हे पाहायला क्षणही लागत नाही, म्हणून वास्तविक सर्वांच्या आधी पाहावे. पण माणसाला हत्यारे काढण्याची घाई असते. टाकीवरील दाबमापकाचा काटाही असाच दुर्लक्षित राहतो. वाळू स्वच्छ असताना तो कोठे असतो ते भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. काटा त्याहून अर्धा-पाऊण बार चढला तर टाकी उलटी धुऊन घ्यावी, आणि तो खाली पडला तर पंपालाच पाणी कमी मिळत आहे, म्हणजे हवा, भरलेली गाळणी किंवा चक्राच्या पात्यांत गुंतलेले केस यांपैकी काहीतरी एक. तीन फेजची मोटार असेल तर आणखी एक शक्यता उरते: वीजवाहिनीची दुरुस्ती झाल्यावर दोन फेजांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. उलट्या फिरणाऱ्या पंपातूनही थोडे पाणी येते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. वायरमनला दोन तारा बदलावयास पाच मिनिटे पुरतात. पंप उघडण्यापूर्वी मात्र मेन स्विच पाडून त्याचा फ्यूज काढून घ्यावा. ओल्या पायांनी करावयाच्या कामात विजेवर भरवसा ठेवू नये.

ज्यांचा पंप तलावाच्या पातळीहून खाली, तळघरात आहे, त्यांना यातले पुष्कळसे लागू नाही. तेथे पाणी आपल्याच भाराने पंपात येते, बंद पंपातही ते भरलेले राहते, आणि फट असेल तर ती उघडउघड ओल दाखविते. त्यांचे दुखणे निराळे: पंप नव्हे, तलावच रिकामा होऊ लागतो. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तलावाची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे पाचशे लिटर पाणी गेले. पण उन्हाळ्यात अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी दिवसाकाठी नुसते वाफ होऊनही जाते, तेव्हा ओरड करण्यापूर्वी तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी आणि चोवीस तासांनी दोहोंचा उतार ताडून पाहावा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला तरच गळती. ती पंप चालू असताना वाढत असेल तर परतीच्या नळावर, आणि पंप बंद असताना वाढत असेल तर चोषण-नळावर संशय घ्यावा. पातळी स्किमरच्या तोंडाशी येऊन थांबली तर स्किमरचा नळ, परतीच्या छिद्राशी थांबली तर तो नळ. आणि हे सर्व करण्याआधी टाकीच्या डोक्यावरच्या झडपेतून गटाराकडे जाणाऱ्या नळाचे तोंड पाहावे. त्या झडपेच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखे एक रबर असते. दांडा पंप चालू असताना फिरविला की ते फाटते किंवा जागचे हलते, आणि गाळलेले पाणी चोवीस तास मुकाट्याने गटारात जात राहते. पंप बंद केल्याशिवाय हा दांडा फिरवू नये, असे खोपटाच्या दारावर लिहून ठेवलेले बरे.

जमिनीवरचे सगळे सांधे निर्दोष निघाले तर जमिनीखालचा नळ उरतो, आणि येथे फरशी फोडण्याचा प्रस्ताव येतो. त्याला लगेच संमती देऊ नये. नळाचे तलावाकडील तोंड रबरी बुचाने बंद करून पंपाच्या बाजूने पाण्याचा माफक दाब द्यावा आणि काटा अर्धा तास स्थिर राहतो का ते पाहावे. न राहिला, तरच कुदळ. कंत्राटदार अशा वेळी तलाव रिकामा करावयास सांगतो, आणि काम जर जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान निघाले असेल तर कोकणपट्टीत त्याला साफ नकार द्यावा. त्या दिवसांत जमिनीतले पाणी वर आलेले असते. तलावात पाणी असते तोवर त्याच्या भाराने काँक्रीटचे पात्र जागच्या जागी राहते, पण ते रिकामे केले की खालचे पाणी त्याला वर उचलू पाहते, आणि तळाला भेगा पडतात, क्वचित सबंध तलाव जमिनीतून वर येतो. शेजारच्या विहिरीत डोकावून तिची पातळी तलावाच्या तळाखाली गेल्याची खात्री करावी, साधारणपणे माघ-फाल्गुनापर्यंत थांबावे, आणि तोवर माळ्याने रोज सकाळी भांडे हाताने भरून, हवा सोडण्याची चावी उघडून, पंप चालू करीत जावे.